लॉग फाइलच्या परवानग्या आवळल्या आणि मध्यरात्री काटा बंद पडला

निफाडची_थंडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी निफाड तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाऊसच्या संगणकांची देखभाल करतो. हंगाम ऐन भरात आहे. बागेतून आलेला प्रत्येक क्रेट काट्यावर चढला की त्याची नोंद एका ॲप्लिकेशनमध्ये होते, आणि त्या नोंदीवरूनच शेतकऱ्याचे बिल आणि न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरची यादी तयार होते. हे ॲप्लिकेशन डेबियन या लिनक्स वितरणाच्या सर्व्हरवर ‘पॅकहाऊस’ नावाच्या वेगळ्या वापरकर्त्याखाली चालते आणि त्याचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, /व्हार/लॉग/पॅकहाऊस या डिरेक्टरीत जातो.

मागील आठवड्यात खरेदीदाराच्या वतीने तपासणीसाठी आलेल्या गृहस्थांनी आमच्या सपोर्टच्या मुलाचे साधे खाते वापरून तो लॉग माझ्यासमोर उघडून दाखवला. त्यात शेतकऱ्याचे नाव, मोबाइल क्रमांक आणि बँक खात्याचा क्रमांक सलग ओळींमध्ये उघडा पडलेला होता. पाहिले तर डिरेक्टरीची परवानगी ७७७ आणि फाइलची ६६६ निघाली, म्हणजे कोणालाही वाचता-लिहिता येईल अशी (तीन अंक मालक, गट आणि इतर यांचे; प्रत्येकात ४ वाचणे, २ लिहिणे आणि १ ‘एक्स’ यांची बेरीज). माझ्या आधी काम पाहणाऱ्या कंत्राटदाराने ती कधी आणि का दिली हे विचारण्याची सोय आता उरलेली नाही.

काल सायंकाळी सहाच्या सुमारास मी रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून संपूर्ण डिरेक्टरीवर ‘सीएचमॉड -आर ६४०’ हा परवानगी बदलणारा आदेश चालवला. सपोर्टच्या खात्यातून लॉग उघडून पाहिला तेव्हा परवानगी नाकारल्याचा संदेश आला, ॲप्लिकेशन व्यवस्थित चालू होते, नोंदी होत होत्या, म्हणून मी समाधानाने घरी गेलो. रात्री साडेबाराच्या सुमारास फोन आला की काट्याची नोंद बंद पडली आहे. सेवा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला की ती लगेच मरत होती, आणि पाच वेळा मेल्यावर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीने तिला सुरू करण्याचेच नाकारले. बाहेर माल भरलेल्या तीन गाड्या उभ्या होत्या आणि प्रीकूलिंगसाठी थांबलेल्या द्राक्षांना माझ्या शंकांशी काही देणेघेणे नव्हते. शेवटी दोनच्या सुमारास मी ‘सीएचमॉड -आर ७७७’ केले आणि सारे पूर्ववत सुरू झाले. हे चुकीचे आहे हे मला तेव्हाही ठाऊक होते.

माझे प्रश्न दोन आहेत. परवानगी चुकली असेल तर ॲप्लिकेशन सहा तास सुरळीत कसे चालले? आणि ही फाइल मोजक्या लोकांनाच वाचता यावी, पण ॲप्लिकेशन मात्र थांबू नये, यासाठी योग्य रीत कोणती?

जुना_कन्सोल

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठे आहे, म्हणून पहिले आधी घेतो. युनिक्समध्ये परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना, प्रत्येक ओळ लिहिताना नव्हे. आपल्या ॲप्लिकेशनने ती फाइल आधीच उघडून ठेवलेली होती आणि उघडलेला तो धागा त्याच्या हातात होता. आपण नंतर दारावर कुलूप लावले तरी आत बसलेल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही. ते रात्री बाहेर का आले आणि पुन्हा आत जाऊ का शकले नाही, हा खरा प्रश्न आहे.

डिरेक्टरीवर ६४० लावणे ही उघड चूक होती. फाइलच्या बाबतीत ‘एक्स’ म्हणजे चालवण्याचा अधिकार, पण डिरेक्टरीच्या बाबतीत तोच ‘एक्स’ म्हणजे तिच्यातून पलीकडे जाण्याचा अधिकार असतो. ६४० मध्ये तो मालकालाही मिळत नाही, त्यामुळे आतल्या फाइलची परवानगी कितीही योग्य असली तरी पॅकहाऊस हा वापरकर्ता तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. रूटला ही अट लागू होत नाही, म्हणून रूट म्हणून तपासणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. सरसकट बदल करायचाच असेल तर मोठा ‘एक्स’ वापरावा, म्हणजे ‘यू=आरडब्ल्यूएक्स, जी=आरएक्स, ओ=’ यातील एक्स मोठ्या लिपीत लिहावा; तो डिरेक्टरींना लागतो आणि ज्यांवर आधीपासून एक्स नाही अशा साध्या फाइलींना लागत नाही.

आता मला तीन गोष्टी सांगाव्यात. त्या लॉग फाइलचा आकार किती आहे, लॉगरोटेटमध्ये, म्हणजे जुना लॉग बाजूला सारून नवा सुरू करणाऱ्या (रोटेशन करणाऱ्या) प्रोग्राममध्ये, तिच्यासाठी काय लिहिले आहे, आणि रोटेशन याआधी शेवटचे केव्हा झाले होते?

निफाडची_थंडी

काका, आपण म्हणालात म्हणून आत्ता पाहिले आणि थोडा चक्रावलो आहे. काल सायंकाळपर्यंत डिरेक्टरीत एकच फाइल होती आणि तिचा आकार १४ जीबी होता. आज तिचे नाव बदलून शेवटी ‘.१’ लागले आहे आणि शेजारी नवी लहान फाइल तयार झाली आहे. लॉगरोटेटच्या नोंदीत आकार १०० एमबी झाला की फिरवावे असे आहे, त्याखाली ‘क्रिएट ०६४० रूट एडीएम’ अशी ओळ आहे आणि शेवटी ॲप्लिकेशनला फाइल पुन्हा उघडण्याचा संकेत पाठवणारा आदेश आहे. १०० एमबीची अट असताना फाइल १४ जीबीपर्यंत कशी गेली, हे मात्र समजत नाही.

जुना_कन्सोल

मग चित्र पूर्ण झाले. ‘जर्नलसीटीएल -यू लॉगरोटेट’ चालवून मागील काही महिन्यांच्या नोंदी पाहाव्यात. मला खात्री आहे की त्यात रोज रात्री एकच तक्रार असेल: मूळ डिरेक्टरीच्या परवानग्या असुरक्षित असल्यामुळे ही फाइल वगळली.

निफाडची_थंडी

अक्षरशः तीच ओळ रोज आहे. सेवेची स्थितीही रोज ‘फेल्ड’ अशीच नोंदलेली आहे आणि ती आजवर कोणी पाहिलेली नाही. माझ्यासह.

जुना_कन्सोल

यात आपल्याला दोष देत नाही, कारण हे मी स्वतः वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी पाहिले आहे. घडले ते असे. लॉगरोटेट रूट म्हणून चालते, त्यामुळे ज्या डिरेक्टरीत कोणालाही, किंवा रूट सोडून इतर एखाद्या गटाला, लिहिण्याचा अधिकार आहे तेथे ते काम करण्याचे नाकारते. अशा ठिकाणी कोणीही लॉगच्या जागी दुसऱ्या फाइलकडे नेणारा दुवा ठेवून रूटच्या हातून भलत्याच फाइलवर काम करवून घेऊ शकतो, हे त्यामागचे कारण आहे. आपली डिरेक्टरी ७७७ असल्याने रोटेशन कधीच झाले नाही, आणि म्हणूनच त्या नोंदीतली ‘क्रिएट’ची चुकीची ओळ कोणालाही कधी त्रास देऊ शकली नाही. काल आपण परवानगी आवळली, लॉगरोटेटची तक्रार मिटली आणि मध्यरात्रीच्या फेरीत आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपले काम केले. जुनी फाइल बाजूला सारली, नवी फाइल रूटच्या मालकीची आणि एडीएम गटाला फक्त वाचता येईल अशी तयार केली, आणि ॲप्लिकेशनला ती उघडण्याचा संकेत दिला. पॅकहाऊस या वापरकर्त्याला डिरेक्टरीतून जाता येत नव्हते आणि गेला असता तरी त्या फाइलवर लिहिता आले नसते. एका चुकीने दुसरी चूक झाकून ठेवली होती, आपण पहिली अर्धवट काढली तेव्हा दुसरी उघडी पडली.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपण लावलेले ६४० हे त्या एका फाइलचे होते, आणि लॉग फाइल ही रोज मरून रोज जन्मणारी वस्तू आहे. उद्याच्या फाइलची परवानगी ठरवतो तो तिचा जन्मदाता. म्हणून लॉगच्या बाबतीत ‘ही फाइल कोण तयार करतो’ हा पहिला प्रश्न असावा आणि सीएचमॉड हा सर्वांत शेवटचा उपाय असावा.

जन्मदाते बहुधा तीनच असतात. स्वतः ॲप्लिकेशन फाइल तयार करत असेल तर त्याचा यूमास्क परवानगी ठरवतो: फाइलसाठी मागितलेल्या ६६६ मधून यूमास्कचे बिट वगळले जातात, त्यामुळे ०२२ असेल तर ६४४, ०२७ असेल तर ६४० आणि ०७७ असेल तर ६०० मिळते. हा यूमास्क आपल्या लॉगिनच्या बॅशच्या फाइलीत लिहून उपयोग नाही, कारण सिस्टमडीने सुरू केलेली सेवा ती फाइल वाचतच नाही; तो सेवेच्या युनिट फाइलीत ‘यूमास्क=००२७’ असा लिहावा लागतो. दुसरा जन्मदाता आरसिसलॉग, म्हणजे यंत्रणेचे लॉग लिहिणारी सेवा. त्याच्या मुख्य फाइलीत फाइलचा मालक, गट आणि ‘फाइलक्रिएटमोड’ स्वतंत्रपणे ठरवता येतात आणि डेबियनमध्ये ते रूट, एडीएम आणि ०६४० असे येतात. तिसरा लॉगरोटेट, ज्याची ‘क्रिएट’ ओळ बाकी सर्वांवर पाणी फिरवू शकते. या तिघांचे एकमत नसेल तर रोज रात्री परवानगी बदलत राहते आणि माणूस रोज सकाळी सीएचमॉड करत बसतो.

सातपूर_पाळी

वर काकांनी डेबियन म्हणून जे सांगितले ते उबुंटूवर याच रीतीने उघडकीस आले नसते, एवढे जोडतो. उबुंटूच्या लॉगरोटेटच्या मुख्य फाइलीतच ‘एसयू रूट एडीएम’ ही ओळ असते, त्यामुळे डिरेक्टरीबद्दलची ती तक्रारच येत नाही. रेड हॅटच्या कुळात पुन्हा तिसरी रीत: तेथे /व्हार/लॉग/मेसेजेस आणि /व्हार/लॉग/सिक्युअर या फाइली रूटच्या आणि ६०० असतात आणि एडीएम गटाला तेथे वाचायला मिळत नाही. म्हणून आंतरजालावरून उचललेली ओळ आपल्या वितरणाची आहे का, हे पाहिल्याशिवाय चिकटवू नये. ‘क्रिएट ०६४० रूट एडीएम’ ही ओळ आपल्याकडे अशीच आरसिसलॉगच्या उदाहरणातून आली असणार, कारण तेथे लिहिणारा रूट असतो आणि ती बरोबर असते.

पंचवटीकर

मी या बाबतीत कडक मताचा आहे. लॉग रूटच्या मालकीचा आणि ६०० असावा, आणि ज्याला पाहायचा असेल त्याला सुडोमध्ये, म्हणजे ठराविक आदेश रूटच्या अधिकाराने चालवू देणाऱ्या सोयीत, फक्त ‘लेस’ हा फाइल वाचण्याचा आदेश चालवण्याची परवानगी द्यावी. गट वगैरे केले की वर्षभरात त्या गटात कार्यालयातील निम्मे लोक जमा होतात. कोणी कधी लॉग पाहिला याची नोंदही सुडोमुळे आपोआप राहते.

गोदाघाट

नोंद राहते हा मुद्दा मान्य आहे, पण सुचवलेला उपाय आजारापेक्षा घातक आहे. सुडोने उघडलेल्या ‘लेस’मध्ये उद्गारचिन्ह टाइप करून त्यापुढे शेलचे नाव दिले की थेट रूटचा शेल मिळतो. म्हणजे लॉग वाचायला दिलेल्या मुलाच्या हाती आपण संपूर्ण सर्व्हर दिला. हे बंद करण्याचे मार्ग आहेत, ‘लेस’ला सुरक्षित अवस्थेत चालवता येते आणि सुडोतही दुसरा प्रोग्राम सुरू करू न देण्याची खूण आहे, पण ते आठवणीने करावे लागते आणि हंगामात आठवणीचा भरवसा नसतो.

दुसरी पळवाट तितकीच सामान्य आहे. ‘लेस’ नको म्हणून लोक सुडोमध्ये ‘टेल /व्हार/लॉग/*’ असे लिहितात. सुडोमधल्या त्या ताऱ्याला आदेशाच्या पुढील भागात तिरकी रेघ, दोन टिंबे आणि रिकामी जागा सगळे चालते. त्यामुळे /व्हार/लॉगपासून सुरुवात करून दोन पायऱ्या वर चढून /ईटीसी/शॅडो ही पासवर्डची फाइल वाचणाऱ्यालाही तो नियम हरकत घेत नाही. वाचण्यासाठी वाचण्याचाच अधिकार द्यावा, रूटचा देऊ नये, या मताची मी आहे आणि त्यासाठी युनिक्समध्ये फार पूर्वीपासून गट ही सोय आहे.

मात्र धागाकर्त्यांनी सपोर्टच्या मुलाला एडीएम गटात घालू नये. त्या गटाला ऑथ लॉगसह यंत्रणेचे बहुतेक सर्व लॉग वाचता येतात. त्याला द्राक्षांच्या काट्याची चूक शोधायची आहे, एसएसएचने कोण केव्हा आले हे पाहायचे नाही. त्याच्यासाठी ‘लॉगवाचक’ असा निराळा गट तयार करावा. गटात घातल्यानंतर त्याला एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगावे, कारण गटांची यादी लॉगिनच्या वेळीच ठरते. ‘गटात घातले तरी दिसत नाही’ या तक्रारीचे कारण निम्म्या वेळा एवढेच असते आणि त्यावर चिडून कोणीतरी पुन्हा ६६६ करतो.

पंचवटीकर

‘लेस’च्या उद्गारचिन्हाची बाब मला माहीत नव्हती. आमच्याकडील सुडोची फाइल आजच पाहतो. गटाची यादी दर तिमाहीला तपासावी, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

निफाडची_थंडी

गोदाघाट ताई, एक अडचण आहे. काट्याचे यंत्र आणि आमचे ॲप्लिकेशन यांच्यामधील दुवा दुसऱ्या एका संस्थेचा माणूस सांभाळतो. त्याला फक्त काट्याचाच लॉग हवा असतो, शेतकऱ्यांच्या नोंदींचा नाही. त्याच्यासाठी एसीएल, म्हणजे एकेका माणसाला फाइलवर वेगळा अधिकार देण्याची सोय, लावावे का?

गोदाघाट

लावता येईल, पण मी टाळते, आणि का ते सांगते. ‘सेटएफएसीएल’ने एखाद्या फाइलवर त्या माणसाला वाचण्याचा अधिकार दिला तर तो त्या फाइलपुरता असतो, रात्री नवी फाइल आली की काकांनी वर सांगितलेला प्रश्न पुन्हा उभा राहतो. डिरेक्टरीवर डीफॉल्ट एसीएल लावून तो सुटतो, तरी आणखी एक खोच राहते. एसीएल असलेल्या फाइलवर आपण सीएचमॉड केले की मधला अंक गटाचा राहत नाही, तो एसीएलच्या मास्कचा होतो. म्हणजे कोणी सद्हेतूने ६०० केले तर मास्क रिकामा होतो आणि एसीएलमध्ये नाव दिसत असूनही त्या माणसाला फाइल उघडत नाही. ‘गेटएफएसीएल’ चालवल्यावर शेजारी प्रत्यक्ष लागू असलेला अधिकार दिसतो, पण साध्या ‘एलएस -एल’मध्ये याची खूण म्हणजे शेवटी एक बारीकसे अधिकचे चिन्ह. रात्री साडेबाराला ते कोणाला दिसते?

काट्याचा लॉग वेगळ्या डिरेक्टरीत लिहवून घ्यावा आणि त्या डिरेक्टरीचा गट वेगळा ठेवावा. दोन डिरेक्टरी, दोन गट, आणि ‘एलएस’मध्ये सगळे डोळ्यांना दिसते.

जुना_कन्सोल

डिरेक्टरीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक मंडळी फाइलवर लक्ष ठेवतात आणि डिरेक्टरी मोकळी सोडतात. फाइल पुसणे, तिचे नाव बदलणे आणि तिच्या जागी दुसरी ठेवणे या गोष्टी फाइलच्या परवानगीवर अवलंबून नसतात, त्या डिरेक्टरीच्या लिहिण्याच्या अधिकारावर अवलंबून असतात. फाइल ६०० आणि डिरेक्टरी ७७७ असेल तर ती फाइल कोणी वाचू शकणार नाही, पण कोणीही ती नाहीशी करून त्या जागी आपल्याला हवी ती वस्तू ठेवू शकेल.

याचे मासलेवाईक उदाहरण म्हणजे २०१६ मध्ये इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या डेबियन पॅकेजमध्ये सापडलेली आणि सीव्हीई-२०१६-१२४७ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी. तेथे /व्हार/लॉग/इंजिनएक्स ही डिरेक्टरी ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वेब सर्व्हरच्या साध्या वापरकर्त्याच्या मालकीची होती. वेबसाइटमधील एखाद्या छिद्रातून त्या वापरकर्त्यापर्यंत पोहोचलेला माणूस एरर लॉग काढून त्या जागी /ईटीसी/एलडी.एसओ.प्रीलोड या फाइलकडे नेणारा दुवा ठेवू शकत होता. रात्री रोटेशननंतर इंजिनएक्सच्या रूट म्हणून चालणाऱ्या मुख्य प्रक्रियेला लॉग पुन्हा उघडण्याचा संकेत मिळाला की ती त्या दुव्यामागून जाऊन ती फाइल तयार करत असे आणि तिची मालकी वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याला देत असे. त्या फाइलीत नाव असलेली लायब्ररी प्रत्येक प्रोग्रामबरोबर चढते, मग तो प्रोग्राम रूटच्या अधिकाराने चालणारा का असेना. एका लॉगच्या डिरेक्टरीची मालकी चुकल्याने संपूर्ण यंत्र हातचे जात होते. दुरुस्ती म्हणून ती डिरेक्टरी रूटच्या मालकीची करण्यात आली. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरच्या अधिकृत माहितीतही हाच इशारा आहे, की लॉगच्या डिरेक्टरीत लिहू शकणारा माणूस सर्व्हर ज्या वापरकर्त्याखाली सुरू होतो त्याचे, म्हणजे बहुधा रूटचे, अधिकार जवळजवळ निश्चितपणे मिळवू शकतो.

धागाकर्त्यांच्या बाबतीत ॲप्लिकेशन मुळातच साध्या वापरकर्त्याखाली चालते, त्यामुळे लॉग उघडताना रूट मध्ये येत नाही, येतो तो फक्त लॉगरोटेटमधून. म्हणून त्यालाही त्याच साध्या वापरकर्त्याखाली फिरवायला लावावे. मी असे करेन: डिरेक्टरीचा मालक पॅकहाऊस, गट लॉगवाचक आणि परवानगी २७५०. पुढच्या त्या २ मुळे आत जन्मणाऱ्या फाइलींना डिरेक्टरीचाच गट मिळतो. सेवेच्या युनिट फाइलीत यूमास्क ००२७. लॉगरोटेटमध्ये ‘एसयू पॅकहाऊस लॉगवाचक’ आणि ‘क्रिएट ०६४० पॅकहाऊस लॉगवाचक’. मग फाइल ॲप्लिकेशनने तयार केली काय आणि लॉगरोटेटने केली काय, निकाल एकच येईल.

हे सर्व दिवसाढवळ्या करावे आणि लगेच ‘लॉगरोटेट -एफ’ देऊन रोटेशन जबरदस्तीने घडवून पाहावे. काल सायंकाळी सहा वाजता एवढे एकच केले असते तर फोन साडेबाराला आला नसता. तपासणी रूट म्हणून न करता ‘सुडो -यू पॅकहाऊस’ देऊन करावी, आणि वाटेतील कोणत्या डिरेक्टरीवर अडले हे कळत नसेल तर ‘नेमआय -एल’ला पूर्ण मार्ग द्यावा, तो मुळापासून प्रत्येक पायरीचा मालक आणि परवानगी एकाखाली एक दाखवतो.

सातपूर_पाळी

काकांच्या यादीत एक सावधगिरी. /व्हार/लॉगमधील सर्वच फाइलींवर एकदम ६४० लावण्याचा मोह होतो, विशेषतः तपासणीची यादी हातात असली की. डेबियन १२ पर्यंतच्या आवृत्त्यांत डब्ल्यूटीएमपी आणि बीटीएमपी या लॉगिनची नोंद ठेवणाऱ्या फाइली यूटीएमपी गटाच्या असतात आणि त्या गटाला त्यांत लिहावे लागते. डब्ल्यूटीएमपी साऱ्यांना वाचायला बंद केली की साध्या वापरकर्त्याचा ‘लास्ट’ आदेश चालत नाही. बीटीएमपी मात्र कोणालाही वाचता येता कामा नये, कारण तीत फसलेल्या लॉगिनची नावे असतात, आणि घाईत माणूस नावाच्या जागी पासवर्ड टाइप करतो.

जर्नलची, म्हणजे सिस्टमडीच्या स्वतःच्या लॉगची, डिरेक्टरी हाताने बदलून काही साधत नाही. सिस्टमडी आपल्या नियमांप्रमाणे तिच्या परवानग्या पुन्हा लावते, आणि तेथे वाचण्याचा अधिकार सिस्टमडी-जर्नल आणि एडीएम या गटांतूनच द्यायचा असतो.

आमच्या कारखान्यात एका उत्साही सहकाऱ्याने लॉग कोणी पुसू नये म्हणून ‘सीएचएटीटीआर +ए’ लावले होते. फाइलच्या शेवटी भर घालता येईल पण पुसता येणार नाही, ही कल्पना चांगली आहे. फक्त अशा फाइलचे नावही बदलता येत नाही, त्यामुळे रोटेशन बंद पडले आणि डिस्क भरल्यावर ते सर्वांना कळले.

हिशेबनीस

मी तांत्रिक क्षेत्रातील नाही, लेखापरीक्षणाच्या बाजूने लिहीत आहे. वाचणारा मोजका असावा यावर चर्चा झाली, परंतु बँक खात्याचा पूर्ण क्रमांक लॉगमध्ये लिहिण्याचे कारण काय, हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. २०१८ च्या मे महिन्यात ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला, कारण पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्याआधीच अंतर्गत लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. पुढील वर्षी फेसबुकनेही अशीच कबुली दिली. त्या ठिकाणी लॉग बाहेरच्या जगासाठी उघडा नव्हता, तरीही ती गंभीर बाब ठरली.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दुसऱ्या बाजूने सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत. त्यामुळे ती १४ जीबीची फाइल नकोशी झाली म्हणून पुसून टाकणे हा उपाय नाही, आणि ती आहे तशी ठेवणे हाही नाही.

निफाडची_थंडी

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत, काटा रिकामा असताना, काम केले. त्याचा वृत्तान्त असा.

डिरेक्टरी २७५० केली, गट तयार केला, युनिट फाइलीत यूमास्क घातला आणि काट्याचा लॉग वेगळ्या डिरेक्टरीत वळवला. लॉगरोटेट जबरदस्तीने दोनदा फिरवून पाहिले. पहिल्या वेळी ते अडले, कारण मी ‘एसयू’ची ओळ लिहिताना गट आधी आणि वापरकर्ता नंतर लिहिला होता. ते सुधारल्यावर नवी फाइल पॅकहाऊस, लॉगवाचक, ६४० अशी आली आणि ॲप्लिकेशनने ती विनातक्रार उघडली. सपोर्टच्या मुलाला पुन्हा लॉगिन केल्यावर लॉग दिसला, हिशेब विभागाच्या खात्यातून दिसला नाही.

‘क्रिएट’चा परिणाम फक्त नव्या फाइलवर होतो हे लक्षात न आल्याने ती १४ जीबीची जुनी फाइल रात्रीच्या ७७७ सह तशीच पडून होती. ती ‘फाइंड’ला ‘-पर्म /०२७’ देऊन शोधली तेव्हा सापडली. तिच्याबरोबर /व्हार/लॉगमध्ये आणखी दोन जुन्या फाइली मिळाल्या, ज्यांचे ॲप्लिकेशन केव्हाच काढून टाकलेले आहे. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंकच लॉगमध्ये जावेत अशी मागणी ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांकडे नोंदवली आहे; ते हंगामानंतर करू म्हणाले, मी या आठवड्यात हवे म्हणून सांगितले आहे.

आज रात्री मी येथेच थांबणार आहे.

गोदाघाट

उत्तम. रात्रीचे रोटेशन मध्यरात्रीनंतर तासाभरात केव्हाही होऊ शकते, तेव्हा बारा वाजून पाच मिनिटांनी निर्धास्त होऊ नये. आणि एक विचारायचे राहिले. या लॉगचा बॅकअप कोठे जातो?

निफाडची_थंडी

रात्री एक वाजून दहा मिनिटे. रोटेशन झाले, काटा चालू आहे.

ताई, आपला प्रश्न वाचून बॅकअपचे यंत्र पाहिले. लॉग रोज पहाटे कार्यालयातील सामायिक डिस्कवर उतरतो, आणि ती डिस्क कार्यालयातील प्रत्येक विंडोज संगणकावर पासवर्डशिवाय उघडते. मागील चौदा महिन्यांच्या प्रती तेथे आहेत. पहाटेची प्रत जाण्याआधी तो मार्ग बंद केला आहे, आणि जुन्या प्रतींच्या फोल्डरची सामायिकता आत्ताच काढली आहे. सकाळी हिशेब विभागातून कोणाचा तरी फोन येईल की त्यांच्या फाइली दिसत नाहीत, कारण त्याच फोल्डरमध्ये ते आपली बिलेही ठेवत होते असे आता दिसते आहे.